तीन फ्रेटांत अडकलेली गिटार

परीक्षा संपल्या की एप्रिल-मेमध्ये गिटार शिकायला येणाऱ्या मुलांची रांग लागते. कोरी गिटार, पाठीवर काळी बॅग आणि फोनमध्ये आवडत्या गाण्याचा व्हिडिओ. दिवाळीपर्यंत त्यातली बरीच मुलं यायची थांबतात. पालक सांगतात, अभ्यास वाढला. मी डोंबिवलीत बरीच वर्षं गिटार शिकवते, भावगीतांच्या आणि जुन्या हिंदी गाण्यांच्या कार्यक्रमांना साथ करते. मला दिसतं ते असं, की अभ्यास हे कारण क्वचितच खरं असतं. मुलाला शिकवलेली गिटार जिथे संपते तिथे ते थांबतं. आणि ती फार लवकर संपते, पहिल्या तीन फ्रेटांतच, म्हणजे दांड्यावरच्या धातूच्या पहिल्या तीन आडव्या पट्ट्यांतच.

आपल्याकडच्या बहुतेक क्लासांचा क्रम ठरलेला आहे. आधी बोटांचे व्यायाम, मग सी, ए, जी, ई, डी हे पाच मेजर कॉर्ड आणि ए, ई, डी हे तीन मायनर. या आठ कॉर्डमध्ये काही तारा न दाबता मोकळ्या वाजतात, म्हणून त्यांना ओपन कॉर्ड म्हणतात. ते ऐकायला भरदार आणि धरायला सोपे असतात, शिवाय त्यांच्यावर ढीगभर गाणी बसतात. मग एके दिवशी एका गाण्यात एफ येतो. पहिल्या बोटाने सहाही तारा एकदम दाबायच्या आणि बाकीची तीन बोटं पुढे रोवायची. तारा खडखडतात, मनगट भरून येतं. मग सांगितलं जातं, "हा अवघड आहे, पुढे बघू. तोवर कॅपो लाव." कॅपो म्हणजे सगळ्या तारा एका फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा. ते 'पुढे' मात्र कित्येकांच्या वाट्याला येतच नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. फ्रेटबोर्डवर सरकवता येणारे कॉर्डचे शेप हा वरच्या इयत्तेचा धडा नाही, गिटारचा पाया आहे. तो पहिल्या काही महिन्यांतच घातला पाहिजे. मराठी घरातल्या मुलाला तो शिकवणं सोपंही जातं, कारण त्यामागचा विचार त्याच्या कानावरून आधीच गेलेला असतो.

आधी हा शेप सरकतो कसा, ते पाहू. साध्या गिटारची मोकळी तार नटपासून (दांड्याच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत (तारांच्या दुसऱ्या टोकाच्या आधारापर्यंत) साधारण 650 मिलिमीटर असते. पहिला फ्रेट नटपासून सुमारे 36 मिलिमीटरवर येतो आणि बारावा बरोबर निम्म्यावर, 325 मिलिमीटरवर. तिथे तार दाबली की मोकळ्या तारेचाच सूर वरच्या सप्तकात मिळतो. मधले फ्रेट असे बसवलेले असतात की कुठूनही एक फ्रेट पुढे गेलं की सूर अर्ध्याने चढतो. पेटीवर कोणत्याही पट्टीवरून तिला लागून असलेल्या काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीवर जावं, तितकंच हे अंतर. हा हिशेब सहाही तारांना सारखा लागू आहे. त्यामुळे बोटांनी धरलेली आकृती जशीच्या तशी एक फ्रेट पुढे नेली, की तिच्यातला प्रत्येक सूर अर्ध्याने चढतो आणि सुरांची आपसातली नाती तशीच राहतात. अट एकच. तारा मोकळ्या राहता कामा नयेत, कारण मोकळी तार हाताबरोबर सरकत नाही. म्हणून पहिलं बोट सगळ्या तारांवर आडवं ठेवायचं. ते बोट नटची जागा घेतं आणि आपण जाऊ तिथे बरोबर येतं. यालाच बार कॉर्ड म्हणतात.

आता ईचा मेजर कॉर्ड घ्या. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत त्यातले सहा सूर सरगमच्या भाषेत असे येतात: सा, प, सा, ग, प, सा. मी हे विद्यार्थ्यांना पहिल्याच आठवड्यात गाऊन दाखवते. मग तिसऱ्या तारेवरचं पहिलं बोट उचलायला सांगते. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार येतो आणि मेजरचा मायनर होतो. सगळा फरक त्या एका गंधाराचा आहे. मग पूर्ण ई मेजर पुन्हा धरून चौथ्या तारेवरचं बोट उचलायचं, म्हणजे मधला सा जाऊन तिथे कोमल निषाद येतो आणि सेव्हंथ कॉर्ड होतो. ज्या मुलाने शाळेत किंवा घरी कधी सरगम म्हटली आहे, त्याला हे ऐकताक्षणी पटतं. त्याला 'ई मेजर', 'ई मायनर', 'ई सेव्हंथ' अशी तीन चित्रं वेगवेगळी पाठ करावी लागत नाहीत. एकाच आकृतीत कुठला सूर हलला, हे त्याला कळलेलं असतं.

ही आकृती आडव्या बोटासह पहिल्या फ्रेटवर नेली की एफ, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, आठव्यावर सी, दहाव्यावर डी. म्हणजे सहाव्या तारेवरचे सूर ओळखता आले की या शेपचे सगळे कॉर्ड ओळखता येतात. असाच दुसरा शेप ए मेजरचा. त्यात पाचव्या तारेपासून सा, प, सा, ग, प असे सूर येतात आणि त्याचा सा पाचव्या तारेवर असतो. तिसऱ्या फ्रेटवर सी, पाचव्यावर डी, सातव्यावर ई. मेजर, मायनर आणि सेव्हंथ असे दोन शेपचे मिळून सहा आकार होतात. सूर बारा. म्हणजे सहा आकार शिकलेल्या मुलाला छत्तीस कॉर्ड येतात, आणि प्रत्येक कॉर्ड दांड्यावर दोन वेगळ्या जागी वाजवता येतो. ओपन कॉर्ड पाठ करणाऱ्या मुलाला आठ आकारांत आठच कॉर्ड मिळतात. पालक क्लासची फी भरताना मुलाला किती गाणी येतील ते विचारतात. त्यांनी हा हिशेबही विचारात घ्यावा.

मराठी मुलाच्या कानाचं मी म्हटलं, ते एवढ्यासाठी. आपल्या गाण्यात सा एका जागी खिळलेला नाही. एकाच अभंगाचा सा एक गायक पांढरी एकमध्ये लावतो, दुसरा काळी एकमध्ये, आणि गायिका तोच अभंग काळी चार किंवा काळी पाचमध्ये गाते. श्रोत्याला अभंग बदलल्यासारखा वाटत नाही, कारण सुरांची नाती तीच असतात. ज्या मुलाने आजीचं भजनी मंडळ ऐकलं आहे, त्याने हे सगळं कानाने अनुभवलं आहे. सरकता शेप म्हणजे हाच सरकता सा, फक्त हाताने धरलेला. मुलाच्या कानात हे ज्ञान असताना आपण त्याच्या हातात मात्र जागेला खिळलेले आठ कॉर्ड देतो, ही मला फार मोठी गफलत वाटते.

इथे गिटार पेटीच्याही एक पाऊल पुढे आहे. पेटीवर पांढरी एकमध्ये बिलावलचं सप्तक वाजवायचं तर सगळ्या पट्ट्या पांढऱ्या लागतात. तेच काळी एकमध्ये न्यायचं तर बोटांची मांडणी पूर्ण बदलते. म्हणून पेटीवादक वर्षानुवर्षं वेगवेगळ्या पट्ट्यांत हात बसवतात, किंवा स्केल चेंजर पेटी घेतात, ज्यात सगळा कीबोर्डच सरकवायची सोय असते. तशी पेटी साध्या पेटीपेक्षा बरीच महाग पडते. गिटारमध्ये ही सोय वाद्याच्या रचनेतच फुकट मिळते. बोटांची मांडणी तीच ठेवून फक्त हात सरकवायचा. गिटारचा हा सगळ्यात मोठा गुण आहे, आणि नेमका तोच आपण 'अवघड' म्हणून मागे ढकलतो.

साथीला बसलं की याची किंमत कळते. मध्यंतरी भावगीतांच्या एका छोट्या कार्यक्रमात अकरावीतली माझी एक विद्यार्थिनी गिटारवर होती. तालीम पांढरी पाचमध्ये, म्हणजे जीमध्ये झाली होती. कार्यक्रमाच्या संध्याकाळी गायिका म्हणाल्या, "घसा बसलाय गं, अर्धा सूर खाली घेऊ या का?" तबलजींनी हातोडी काढून तबला उतरवला. पेटीवाल्या काकांनी काळी तीनमध्ये एकदा हात फिरवून पाहिला. माझ्या विद्यार्थिनीने प्रत्येक कॉर्ड एक फ्रेट खाली घेतला. तिसऱ्याचा दुसऱ्यावर, पाचव्याचा चौथ्यावर, सातव्याचा सहाव्यावर. कागदावर काही लिहावं लागलं नाही, तालीमही पुन्हा करावी लागली नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, मला काहीच वेगळं वाजवल्यासारखं वाटलं नाही." तिचं म्हणणं अगदी खरं होतं. नाती तीच होती, फक्त सा हलला होता.

तिला हे जमलं, कारण तिला कॉर्डची नावं पाठ नव्हती, जागांचा नकाशा पाठ होता. तो नकाशा इतका सोपा आहे की इथे शब्दांत देता येतो. सहाव्या तारेवर कुठल्याही फ्रेटवर ई-शेप धरा. तो सा-चा कॉर्ड. त्याच फ्रेटवर पाचव्या तारेपासून ए-शेप धरा, की मध्यमाचा कॉर्ड. तिथून ए-शेप दोन फ्रेट पुढे नेला की पंचमाचा. आणखी दोन फ्रेट पुढे ए-शेपचा मायनर धरला की धैवताचा मायनर. आपली कितीतरी भावगीतं, सिनेगीतं आणि प्रार्थना एवढ्या चार कॉर्डवर उभ्या राहतात. हा नकाशा काळी एकला लागू आहे, पांढरी चारला लागू आहे, बारापैकी कुठल्याही पट्टीला लागू आहे. गायकाने पट्टी सांगावी, आपण सहाव्या तारेवर तो सा शोधावा, आणि बाकीचे तीन कॉर्ड त्याच्याभोवती आपोआप हाताशी येतात.

यावर हमखास येणारा प्रश्न म्हणजे, "मग कॅपो कशाला आहे?" कॅपो उत्तम साधन आहे. मोकळ्या तारांचा तो खुला नाद वरच्या पट्टीत हवा असेल तर कॅपोला पर्याय नाही, आणि मीही तो वापरते. पण कॅपो सूर फक्त चढवतो, उतरवत नाही. जीमधलं गाणं अर्धा सूर खाली न्यायचं, तर त्याच बोटांनी वाजवायला कॅपो अकराव्या फ्रेटवर लावावा लागेल. तिथे हाताला जागा उरत नाही आणि गिटारचा खर्जही जातो. नाहीतर सहाही तारा अर्ध्या सुराने उतरवाव्या लागतील. शिवाय गाण्याचा शेवटचा अंतरा अर्धा सूर वर चढत असेल, तर गाणं चालू असताना कॅपो काढून लावणार कधी? कॅपो हा ज्याला शेप सरकवता येतात त्याच्या हातातला एक जास्तीचा पर्याय असावा. शेप येत नाहीत म्हणून लावायची कुबडी होऊ नये.

फोनवरच्या ॲपचंही तसंच. गाण्याचे कॉर्ड दिसतात, खाली एक बटण असतं, ते दाबलं की कॉर्ड सोप्या पट्टीत बदलून मिळतात. सोय चांगली आहे. पण गाणं एका पट्टीतून दुसऱ्या पट्टीत नेणं ही साथीदाराची मूळ विद्या, आणि ती विद्या मुलाऐवजी बटण शिकतं. समोर गायक बसलेला असताना आणि फोन बॅगेत असताना त्या मुलाला काहीच करता येत नाही.

आता खरी अडचण, बोटांची. तिला मी कमी लेखत नाही. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचं पहिलं बोट बारीक असतं, तारा धातूच्या असतात, आणि एफ खरोखरच दुखवतो. पण तो दुखवतो याचं एक कारण आपण तो कुठे शिकवतो, हे आहे. पहिला फ्रेट नटला लागून असतो. तिथे तार दाबायला सगळ्यात जास्त जोर लागतो, आणि त्या घराची रुंदीही सगळ्यात जास्त, 36 मिलिमीटर. पाचव्या फ्रेटचं घर 29 मिलिमीटरचं असतं, बाराव्याचं तर अवघं 19. म्हणजे बार कॉर्डची सुरुवात आपण दांड्यावरच्या सगळ्यात कठीण जागेपासून करतो आणि मग मुलाचा हात कमकुवत आहे म्हणतो. मी बार कॉर्ड पाचव्या फ्रेटपासून सुरू करते आणि हात बसला की एकेक घर खाली आणते. एफ सगळ्यात शेवटी येतो आणि येतो तेव्हा तो कुणाला घाबरवत नाही.

त्याच्याही आधी मी सहा तारांचा हट्ट धरत नाही. फक्त खालच्या तीन बारीक तारा घ्या. पाचव्या फ्रेटवर पहिलं बोट पहिल्या दोन तारांवर आडवं ठेवा आणि मधलं बोट तिसऱ्या तारेवर सहाव्या फ्रेटवर. ग, प, सा असे तीन सूर मिळतात, आणि हा ए मेजर आहे. मधलं बोट उचलून पहिलं बोट तिन्ही तारांवर टेकवलं, की ए मायनर. एवढंसं मूलही हे करू शकतं. हाच तीन तारांचा शेप तिसऱ्या फ्रेटवर नेला की जी, आठव्यावर नेला की सी. कॉर्ड सरकतो, ही गोष्ट मुलाला पहिल्याच महिन्यात बोटांनी कळते. ताकद नंतर हळूहळू येत राहते. खर्जाच्या तारा पुढे जोडता येतात.

गिटारही तपासून घ्यावी. स्वस्त नव्या गिटारमध्ये नटच्या खाचा बऱ्याचदा उथळ असतात, त्यामुळे पहिल्या फ्रेटवर तारा गरजेपेक्षा उंच राहतात. गिटार दुरुस्त करणारा माणूस थोड्या वेळात त्या खाचा नीट करून देतो. मुलासाठी हलक्या गेजच्या तारा लावाव्यात. मुलाचा हात दुखतो म्हणून शिक्षणच हलकं करण्यापेक्षा आधी वाद्य त्याच्या हाताजोगं करून द्यावं.

बोटांची अडचण म्हणजे वाटेचा शेवट, असं मानणाऱ्यांनी जँगो राइनहार्टचं चरित्र वाचावं. 1910 साली बेल्जियममध्ये भटक्या रोमानी कुटुंबात जन्मलेला हा गिटारवादक. 1928 मध्ये राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याचा डावा हात भाजला आणि करंगळी व तिच्या शेजारचं बोट जवळजवळ निकामी झालं. त्याने दोन धड बोटांनी सोलो वाजवण्याची स्वतःची पद्धत बसवली. आखडलेली दोन बोटं तो कॉर्ड धरताना जमेल तशी टेकवत असे. मोजके, आटोपशीर आकार आणि ते दांडाभर फिरवण्याचं कसब, यावर त्याने 1934 पासून पॅरिसमध्ये व्हायोलिनवादक स्तेफान ग्रापेलीबरोबर जे वाजवलं, ते आज जगभर अभ्यासलं जातं. दुसरं नाव फ्रेडी ग्रीनचं. काउंट बेसीच्या जॅझ वाद्यवृंदात तो 1937 मध्ये आला आणि 1987 मध्ये मृत्यू येईपर्यंत तिथेच राहिला. आयुष्यभर त्याने मुख्यतः ठेका दिला. तारा मोजक्या, आकार छोटे, प्रत्येक मात्रेला हात सरकता. अख्खा ब्रासचा ताफा त्या हातावर तोलला जायचा. साथ करणाऱ्याने त्याची रेकॉर्डिंग जरूर ऐकावीत.

माझी पिढी गिटारकडे वळली ती पंचमदांच्या गाण्यांमुळे. भूपिंदर सिंग, भानू गुप्ता अशा वादकांची गिटार रेडिओवर ऐकून आम्ही तारा छेडायला लागलो. त्या काळी क्लास कमी होते आणि व्हिडिओ नव्हते, म्हणून कान लावून कॉर्ड शोधावे लागत. मी त्या कष्टांचं गुणगान करत नाही, कारण आजच्या मुलांकडे साधनं आहेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण कानाने शोधताना हात आपोआप दांडाभर फिरत असे. आजचा व्हिडिओ बोट कुठे ठेवायचं ते नेमकं दाखवतो आणि तिथेच का, हे बहुधा सांगत नाही. ते सांगणं हे समोर बसलेल्या शिक्षकाचं काम आहे. आपण तेही करणार नसू, तर मुलाने आपल्याकडे यावं कशाला?

दोन शेप पक्के झाले की पुढचं दार उघडतं. ओपन कॉर्डचे जे पाच मेजर आकार आपण सगळे शिकवतो, सी, ए, जी, ई आणि डी, ते पाचही सरकवता येतात. नुसता सी मेजर घ्या. तो अगदी खाली सी-शेपमध्ये आहे. तिसऱ्या फ्रेटपासून ए-शेपमध्ये, पाचव्यापासून जी-शेपमध्ये, आठव्यापासून ई-शेपमध्ये, दहाव्यापासून डी-शेपमध्ये मिळतो, आणि बाराव्यावर पुन्हा सी-शेप येतो. एक शेप जिथे संपतो, जवळजवळ तिथेच दुसरा सुरू होतो. याच क्रमावरून या पद्धतीला केज्ड म्हणतात. म्हणजे ओपन कॉर्ड शिकवण्यात चूक काहीच नाही. ते नटपाशी उभे असलेले सरकते शेपच आहेत. चूक आहे ती त्यांना तिथेच उभं ठेवण्यात.

इथे एक खाचखळगा आहे आणि तोही मुलांना नीट समजावून सांगावा. गिटारच्या शेजारशेजारच्या तारांत पाच फ्रेटांचं अंतर असतं, फक्त तिसऱ्या आणि दुसऱ्या तारेत चार फ्रेटांचं. त्यामुळे तोच आकार एका तारेवरून शेजारच्या तारेवर आडवा नेला, की दुसऱ्या तारेपाशी एक बोट फ्रेटभर पुढे न्यावं लागतं. ई-शेप आणि ए-शेप वेगळे दिसतात ते यामुळेच. पण या एका अपवादामुळेच पहिली आणि सहावी तार दोन सप्तकांच्या अंतराने एकाच नावाच्या सुरात राहतात, आणि एक बोट सहाही तारांवर आडवं टेकवण्यात अर्थ उरतो. कारण कळलं की मुलं अपवाद लक्षात ठेवतात.

वीस फ्रेटांच्या गिटारवर मोकळ्या तारा धरून 126 जागा होतात आणि सुरांची नावं बारा. पहिल्या मोकळ्या तारेचा जो सूर, नेमका तोच दुसऱ्या तारेवर पाचव्या फ्रेटला, तिसरीवर नवव्याला, चौथीवर चौदाव्याला आणि पाचवीवर एकोणिसाव्याला मिळतो. नवशिक्याला हे भोवंडून टाकतं. पाठांतर हा त्यावर उपाय नाही. सा कुठे आहे आणि त्याच्याभोवती ग, प कसे बसले आहेत, हे आकारांतून दिसू लागलं की 126 जागांचा गोंधळ पाच आकारांत बसतो. दांड्याकडे पाहून मूल घाबरत नाही, उलट तिथे कुठे काय दडलंय ते शोधायला लागतं. ते शोधायला लागलं की त्याला क्लास सोडावासा वाटत नाही. हे मी माझ्या खोलीत पुन्हा पुन्हा पाहिलं आहे.

माझ्याशी असहमत असलेले शिक्षक सांगतात की मुलांना गाणी हवी असतात, सिद्धांत शिकवला तर ती पळून जातात. त्यांची काळजी खरी आहे. क्लासवर घर चालवणाऱ्याला विद्यार्थी टिकवावे लागतात. शाळेच्या गॅदरिंगला मुलाने एक गाणं वाजवावं, ही पालकांची इच्छाही रास्त आहे. म्हणून गाणी बंद करा, असं मी म्हणतच नाही. तेच गाणं शिकवा. ते आधी ओपन कॉर्डवर वाजवून घ्या. पुढच्या आठवड्यात तेच गाणं मुलाच्या आईच्या किंवा बहिणीच्या गळ्याच्या पट्टीत वाजवायला द्या. घरी कुणीतरी गातंच. मूल त्या गळ्यासाठी सा शोधेल, शेप सरकवेल, आणि सिद्धांत हा शब्दही न उच्चारता शिकेल. आठवड्याला एक नवं गाणं देण्यापेक्षा महिन्याला एक गाणं तीन पट्ट्यांत देणं मला जास्त मोलाचं वाटतं.

काहीजण ट्रिनिटी कॉलेज लंडनसारख्या परीक्षांकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, ग्रेड वाढत गेल्या की हे आपोआप येईलच. परीक्षा चांगल्याच आहेत, शिस्त लावतात. पण आपल्याकडे गिटार शिकणाऱ्या बहुतेक मुलांना ग्रेड द्यायची नसते. त्यांना सोसायटीच्या गणपतीत, कॉलेजच्या कट्ट्यावर, मित्राच्या घरी वाजवायचं असतं. तिथे समोर नोटेशन नसतं, गाणारा माणूस असतो, आणि त्याचा गळा त्याच्या पट्टीतच गाणार असतो. त्या माणसाची साथ करता यावी, एवढी तयारी पहिल्या वर्षाच्या शेवटी प्रत्येक मुलाची झालीच पाहिजे.

म्हणून शिक्षकांना माझी विनंती आहे, की येत्या बॅचला तीन तारांच्या छोट्या शेपपासून सुरुवात करून बघा, बार कॉर्ड पाचव्या फ्रेटवर शिकवा आणि प्रत्येक कॉर्डातला सा, ग आणि प मुलांकडून गाऊन घ्या. पालकांनी 'किती गाणी झाली' या प्रश्नाबरोबर 'हेच गाणं माझ्या पट्टीत वाजवशील का' हाही प्रश्न मुलाला विचारावा, आणि मग खरंच गावं. जे स्वतः शिकत आहेत आणि एफपाशी थांबले आहेत, त्यांनी गिटार कपाटावरून खाली काढावी, एफ सध्या बाजूला ठेवावा आणि पाचव्या फ्रेटवर हात न्यावा. रोज थोडा वेळ दिला तर हात काही आठवड्यांत बसतो. त्यानंतर उरलेला दांडा तुमचाच आहे.